रॅम वाढवायचीय? आधी सीपीयू उघडा, मग पाकीट

घरचा तयार डेस्कटॉप हळू झालाय. दहा टॅब, एक एक्सेल, त्यात मुलीची ऑनलाइन शिकवणी, की माऊस अडखळायला लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केलात तर तिथून "ओरिजिनल" रॅमचा भाव येतो आणि तो ऐकून तुम्ही फोन ठेवता. नाक्यावरचा दुकानदार म्हणतो, "कुठलीही टाका साहेब, सगळं चालतंय." दोघांचंही ऐकू नका. पहिल्याकडे पैसे जास्त जातात, दुसऱ्याकडे फेऱ्या.

रॅमला डब्यावरचा लोगो वाचता येत नाही. मेमरीच्या चिप जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. तुमच्या डेल, एचपी किंवा लेनोव्होत कारखान्यातून आलेली स्टिकही बहुधा यांच्यापैकीच एकीची असते. वर ब्रँडच्या पार्ट नंबरचं एक छोटं लेबल, एवढाच फरक. म्हणून दुसऱ्या कंपनीची रॅम टाकायला काहीच हरकत नाही. फक्त चार गोष्टी जुळायला हव्यात: पिढी, आकार, वेग आणि तुमच्या मदरबोर्डाची मर्यादा.

पण लागते का खरंच?

पैसे काढण्याआधी पाच मिनिटं द्या. रोज जे काही उघडं असतं ते सगळं उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. काम चालू असताना आकडा ८०-८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडतेय. ५०-६० टक्क्यांवरच असेल तर नवी रॅम टाकून काडीचाही फरक पडणार नाही.

त्याच पानावर खाली डिस्कचा आकडा बघा. तो सतत १०० टक्के आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क, असं असेल तर दुखणं तिथं आहे. त्या पैशात एसएसडी टाका. मेमरी आणि डिस्क दोन्ही टेकलेल्या असतील आणि एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तरी माझं मत आधी एसएसडीला.

आणखी एक तपासणी, फुकटची. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथं विंडोज ३२-बिट दिसली तर थांबा. ती साधारण ४ जीबीच्या वर मेमरी वापरूच शकत नाही. आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल, म्हणजे डेटाचा बॅकअप आणि फॉरमॅट आलाच. हा खर्च रॅमच्या भावात कुणी सांगत नाही.

आता वय. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालते. म्हणजे कोअर आय५-८५०० असेल तर रॅमवर बिनधास्त खर्च करा. आय५-४५९० किंवा आय५-६५०० असेल तर हात आखडता ठेवा. तिथं वापरलेली स्वस्त स्टिक पुरे, नवी कोरी घेऊ नका.

चार गोष्टी जुळवा

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर उजवीकडे तीन ओळी असतात: वेग, किती स्लॉट वापरले आणि फॉर्म फॅक्टर. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग मशीन बंद करा, वायर काढा, बाजूचं झाकण उघडा आणि आतल्या स्टिकवरच्या लेबलचाही फोटो काढा. दुकानात हेच दोन फोटो तुमची कागदपत्रं. तिसरा फोटो डब्यावरच्या मॉडेल नंबरचा. डेलवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो त्यांच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून काय घेऊन निघालं ते कळतं.

लेबलवर साधारण अशी ओळ असते: ८ जीबी, १ आर × ८, पीसी४-२६६६व्ही-यूए२. यातलं पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा वेग, ज्याला दुकानात "बस" म्हणतात. यू म्हणजे डेस्कटॉपची साधी लांब स्टिक. त्याजागी एस असेल तर लॅपटॉपची आखूड. आर असेल तर सर्व्हरची. काही लेबलांवर वेगाऐवजी पीसी४-२१३०० असं छापलेलं असतं. तीही २६६६ चीच. पीसी४-२५६०० म्हणजे ३२००.

पिढी ही पहिली आणि न चुकवता येणारी अट. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या स्टिकांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावलात तर बोर्ड जाईल. प्रोसेसरच्या पिढीवरून अंदाज बांधू नका, इथंच लोक फसतात. डेल ऑप्टिप्लेक्स ३०४० आणि ७०४० ही दोन्ही मॉडेलं सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची, दोन्ही आज रिफर्बिश्ड बाजारात मिळतात. ३०४० ला डीडीआर३एल लागते, ७०४० ला डीडीआर४. "सिक्स्थ जेनला डीडीआर४ लागते" असं दुकानदाराने ठणकावून सांगितलं तरी स्वतःच्या फोटोवर विश्वास ठेवा. आणि ३एल मधला एल महत्त्वाचा आहे. तो १.३५ व्होल्टची स्टिक सांगतो. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची. बाराव्या पिढीच्या इंटेललाही डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात. तुमच्याकडे काय आहे ते बोर्डच सांगेल.

आकार. मोठ्या किंवा मध्यम डब्यात लांब स्टिक, सुमारे तेरा सेंटिमीटरची. पण मॉनिटरच्या मागे अडकवता येतात ते मायक्रो, मिनी किंवा टायनी नावाचे डबे आणि बरेचसे ऑल-इन-वन लॅपटॉपची आखूड स्टिक घेतात, जिला सोडिम म्हणतात. मी स्वतः एकदा "डेस्कटॉपची ८ जीबी" म्हणून मागितली, बिल केलं, घरी येऊन मायक्रोचं झाकण उघडलं आणि हातातली स्टिक आतल्या जागेच्या दुप्पट लांब निघाली. दुकानाने बदलून दिली, पण दोन फेऱ्यांचा रिक्षाखर्च माझा. चूकही माझीच. फॉर्म फॅक्टरची ओळ स्क्रीनवर समोर होती.

वेगाबाबत घाबरू नका. जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या बोर्डात चालते, फक्त हळू चालते. २६६६ च्या शेजारी ३२०० टाकलीत तर दोन्ही २६६६ वर धावतील. म्हणून ३२०० ची स्टिक त्याच भावात मिळत असेल तर घ्या, तिच्यासाठी जास्त मोजू नका. गेमिंगच्या ३६०० वाल्या चकचकीत स्टिक मात्र तयार डेस्कटॉपमध्ये वाया. त्यांचा छापलेला वेग एक्सएमपी नावाच्या सेटिंगवर अवलंबून असतो आणि ऑफिसछाप डेल, एचपी, लेनोव्होच्या बायॉसमध्ये ते सेटिंग बहुधा नसतंच. मग ती बिचारी २१३३ किंवा २४०० वर रांगते. वर तिचं उंच पत्र्याचं कवच बारीक डब्यात डिस्कच्या पिंजऱ्याला आडवं येतं ते वेगळंच.

मर्यादा. ऑप्टिप्लेक्स ३०२० मध्ये दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. ३०६० मध्ये दोन स्लॉट आणि ३२. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये मिळतो, मॅन्युअल फुकट डाउनलोड होतं. दोनच स्लॉट असून दोन्हींत ४-४ च्या स्टिक बसलेल्या असतील तर किमान एक काढावी लागेल. ही गोष्ट भाव विचारण्याआधी माहीत हवी.

किती घ्यायची? घरकाम, अभ्यास, टॅली, ब्राउझर यासाठी एकूण १६ जीबी. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठं ड्रॉइंगचं काम असेल तर ३२. त्यापुढे तुम्हाला कुणी ढकलत असेल तर तो स्वतःचा माल खपवतोय. एक ८ ची असेल आणि एक स्लॉट रिकामा असेल तर शेजारी आणखी एक ८ ची टाका. दोन सारख्या स्टिक जोडीने काम करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फायदा डोळ्यांना दिसतो. ८ शेजारी ४ टाकली तरी चालतं, फायदा अर्धवट.

भाव

२०२५ च्या मध्यापर्यंत डीडीआर४ ची ८ जीबीची नवी स्टिक साधारण दीड-दोन हजारांत यायची. वर्षाच्या शेवटाकडे चित्र पालटलं. एआयच्या सर्व्हरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांचा ओढा गेला, घरगुती स्टिकांचे भाव चढले, काही ठिकाणी दुपटीच्याही वर. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याने किती दिले हे धरून दुकानात वाद घालू नका. त्याच दिवशी तीन ठिकाणी विचारा: एक ऑनलाइन, दोन दुकानं. आणि "आज घ्या, उद्या वाढेल" हे वाक्य ऐकलं तरी तिसरा भाव घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाव विचारताना एक शब्द जोडा: "सगळं धरून?" कारण खरा खर्च पुढच्या वाक्यात येतो. मेमरीवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदार ३,००० म्हणाला आणि बिल करताना "प्लस जीएसटी" म्हणाला, तर ते ३,५४० झाले. घरी यायचे चारशे, फिटिंगचे दोनशे धरले की ४,१४०. तीन हजारांची वस्तू चार हजारांच्या वर. हे आकडे हिशोब दाखवण्यापुरते, पण हिशोब असाच फुगतो. पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर तीत सगळे कर आधीच आलेले असतात. तिच्यावर आणखी जीएसटी लावता येत नाही.

फिटिंगचे पैसे वाचवायचे तर डबा उचलून दुकानात न्या. स्टिक तिथूनच घेताय म्हटल्यावर बहुतेक दुकानं फुकट बसवून देतात. घरी बोलवायचं असेल तर पुण्या-मुंबईत तीनशे ते पाचशे हा साधारण दर, फोनवरच ठरवून घ्या.

मग येतात जोडीला चिकटणारे खर्च. "रॅम टाकतोय तर विंडोज पण नवी करू." गरज नाही, रॅम वाढवायला फॉरमॅट लागत नाही. "अँटिव्हायरस टाकू का?" विंडोजचा स्वतःचा पुरतो. आणि सर्वांत जुनी युक्ती खोडरबराची. मशीन चालू होत नाही म्हणून तुम्ही डबा नेता. कारागीर तो आतल्या खोलीत नेतो, रॅम काढतो, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळकरी खोडरबर फिरवतो, पुन्हा बसवतो. मशीन चालू. बिलावर "रॅम सर्व्हिसिंग". माझ्याकडून एका दुकानाने याचे साडेतीनशे घेतले होते. पट्टीवर धूळ-ओलावा बसून संपर्क तुटणं खरंच घडतं, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. पण खोडरबर पाच रुपयांना मिळतं. रॅम बिघडली असं समजून नवी घ्यायच्या आधी हे करून बघा.

दुकानात

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, चालत काही मिनिटांवर. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी गर्दी. आठवड्यातला दिवस आणि दुपारची वेळ धरा. बाकी शहरांत तुमच्या नेहमीच्या डीलरकडे जा. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण स्टिक बिघडली तर तोंड दाखवायला तोच जवळ असतो.

संवाद असा होतो.

"दादा, डीडीआर४ आठची, डेस्कटॉपची, २६६६ किंवा ३२००."

"आहे ना. ब्रँडेड देऊ की ओईएम?"

ओईएम म्हणजे पाकिटाशिवाय सुटी आलेली स्टिक. वाईट असतेच असं नाही, पण तिची वॉरंटी दुकानापुरती. ब्रँडेडवर कंपनीची. काही ब्रँड "लाइफटाइम" म्हणतात, पण ती पहिल्या खरेदीदाराला आणि बिल असेल तरच. तिसरा प्रकार वापरलेली, दुसऱ्या मशीनमधून काढलेली. तिच्यावर सात दिवसांची "चेकिंग वॉरंटी" मिळते. जुन्या डीडीआर३ मशीनसाठी मी हीच सुचवेन. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. सातऐवजी तीस दिवस मागा, अनेकदा पंधरावर तुटतं.

दोन स्वस्त सौदे मात्र नाकारा. एक, सर्व्हरची स्टिक, लेबलवर आर असलेली. ती अर्ध्या भावात दिसते आणि साध्या डेस्कटॉपमध्ये चालू होत नाही. दोन, "फक्त एएमडीसाठी" लिहिलेली ८ जीबीची डीडीआर३. इंटेलच्या डब्यात ती निरुपयोगी.

बिलाशिवाय दोनशे कमी, हा प्रस्ताव येणारच. घेऊ नका. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी व्यवहार आहे. सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत परत घेऊन पैसे न देणं हेही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी भिंतीवर राहू द्या.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याचं नाव बघा, परतीची मुदत बघा आणि ती "फक्त बदलून" आहे की पैसे परत, हेही. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा.

तुमच्या मशीनची वॉरंटी

मोठ्या ब्रँडच्या डेस्कटॉपची मॅन्युअलं रॅम कशी बदलायची ते चित्रांसह दाखवतात. म्हणजे झाकण उघडण्याला कंपनीचीच मुभा. दुसऱ्या कंपनीची स्टिक टाकल्याने मशीनची वॉरंटी सहसा जात नाही, पण ती स्टिक त्या वॉरंटीत येत नाही आणि तिच्यामुळे झालेलं नुकसानही येत नाही. म्हणून मूळ स्टिक जपून ठेवा. सर्व्हिस इंजिनिअर येणार असेल तेव्हा तीच लावा, नाहीतर प्रत्येक बिघाडाचं खापर नव्या रॅमवर फुटतं. अपवाद दोन: स्थानिक दुकानाने जोडून सील चिकटवलेला डबा आणि ऑफिसचा, मेंटेनन्स करारातला डबा. तिथं आधी विचारा, जमलं तर लेखी.

बसवणं

पंधरा मिनिटांचं काम. वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. डब्याच्या आतल्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. सिंथेटिक साडी किंवा लोकरी स्वेटर घालून हे काम नको. स्लॉटच्या टोकाची खिटी उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा. खिटी "टक" आवाज करून आपोआप मिटते. मिटली नाही तर स्टिक बसलेली नाही. निम्म्याहून जास्त "खराब रॅम" अर्धवट बसलेल्या असतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी बदलल्याची सूचना येऊ शकते, पुढे जा. डीडीआर५ असेल तर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, घाबरून बटण दाबू नका. बीप वाजले किंवा पॉवरचा दिवा पिवळा लुकलुकला तर बंद करा, स्टिक काढून पुन्हा बसवा, मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. दोष स्टिकचा की स्लॉटचा ते दुकानात जाण्याआधीच कळेल.

चालू झालं म्हणजे संपलं नाही. त्याच रात्री मेमटेस्ट८६ हा फुकटचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा, १६ जीबीला काही तास लागतात. एक जरी लाल ओळ आली तर सकाळी स्टिक परत. "थोडं चालतंय ना" यावर समाधान मानू नका. खराब मेमरी फायली गुपचूप बिघडवते आणि ते महिन्यांनी कळतं. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर स्टिकचा उत्पादक आणि पार्ट नंबर दिसतो. पाकिटावर एक नाव आणि तिथं भलतंच असेल तर स्टिकर बदललेला माल आहे. स्क्रीनचा फोटो काढा आणि बिल घेऊन जा.

दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिलाचा फोटो, सिरियल नंबर आणि तारखा हाताशी ठेवून फोन करा.

आणि जर दुकानातच बसवून घेतलीत, तर निघताना काढलेली जुनी स्टिक मागा. न मागितल्यास ती ड्रॉवरमध्ये जाते आणि पुढच्या आठवड्यात कुणाला तरी "चेकिंग वॉरंटी"वर विकली जाते. तिथंच विकायची तर तिचे पैसे बिलातून वळते करून घ्या.